देवमाशांचा नाच आणि तेलाचे शिखर

(धागा)

१/२४
२० एप्रिल १८६१. न्यूयॉर्कच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकात एक व्यंगचित्र छापले गेले. उंची पोशाख केलेले देवमासे एका मेजवानीत नाचत आहेत, पेले उंचावत आहेत. निमित्त आहे पेनसिल्व्हेनियात सापडलेल्या तेलविहिरींचे. माणसाच्या दिव्याला आता जमिनीतले तेल मिळू लागले, तेव्हा आपला जीव वाचला, असा त्यांचा आनंद.

२/२४
हे चित्र आज दीडशे वर्षांनंतर पुन्हा हातोहात फिरते आहे. त्याखाली लिहिलेला युक्तिवाद असा : रॉकेल आले आणि देवमाशाच्या तेलाची मागणी आपोआप संपली; तशीच विजेवरची मोटार आली आणि खनिज तेलाची मागणी आपोआप संपेल. किंबहुना शिखर गाठले गेलेच आहे, आता उरला तो उतार. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. इतिहास म्हणून तो खोटा आहे. कसा, ते या धाग्यात.

३/२४
आधी चित्रातल्या पाहुण्यांचीच विचारपूस करू. एडविन ड्रेकच्या टायटसव्हिल येथील विहिरीला २७ ऑगस्ट १८५९ रोजी, अवघ्या ६९ फुटांवर, तेल लागले. पण अमेरिकेच्या देवमासे मारणाऱ्या ताफ्याचा परमोत्कर्ष त्याआधीच होऊन गेला होता. १८४६ च्या सुमारास त्यात सातशेहून अधिक जहाजे होती; त्यानंतर उतरण लागली. दिव्यांसाठी कोळशाचा वायू, डुकराच्या चरबीचे तेल, टर्पेंटाइन व मद्यार्काचे मिश्रण असे पर्याय बाजारात आधीच आलेले होते. ड्रेकने उतरण सुरू केली नाही.

४/२४
आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे. उतरण लागली ती अमेरिकी ताफ्याला; देवमाशांच्या कत्तलीला नव्हे. नॉर्वेच्या स्वेन फॉयनने बाष्पशक्तीवर चालणारी शिकारी नौका बांधली आणि टोकाशी स्फोटक असलेल्या भाल्याचे पेटंट १८७० मध्ये मिळवले. शिडाच्या जहाजांना जे वेगवान निळे देवमासे कधी गाठता आले नव्हते, ते आता तोफेच्या टप्प्यात आले.

५/२४
मागणीचे काय झाले? दिव्यातली मागणी गेली, ताटातली आली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान याने १९०२ मध्ये द्रव तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. त्या प्रक्रियेमुळे देवमाशाच्या तेलापासून मार्गारीन आणि साबण बनू लागले. पहिल्या महायुद्धात त्याच तेलातले ग्लिसरीन स्फोटकांच्या कामी आले. १९२५ पासून तर मेलेला देवमासा मागच्या उतारावरून ओढून पोटात घेणारे तरंगते कारखानेच दक्षिण महासागरात उतरले. त्यांच्या सोबतच्या शिकारी नौकाही पुढे तेलाच्या इंजिनांवर धावू लागल्या.

६/२४
हिशोब पाहा. १९३०-३१ च्या एका हंगामात अंटार्क्टिक समुद्रात २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. शिडाच्या जहाजांनी सुमारे दोन शतकांत साधारण ३ लाख स्पर्म देवमासे मारले होते; एकट्या विसाव्या शतकाने त्याच जातीचे साडेसात लाखांवर मारले. सर्व जाती मिळून विसाव्या शतकातील बळींचा अंदाज आहे सुमारे २९ लाख. आणि संख्येने सर्वाधिक कत्तल झालेले दशक कोणते? १९६० चे. ड्रेकच्या विहिरीनंतर शंभर वर्षांनी.

७/२४
थोडक्यात, खनिज तेलाने देवमाशांना वाचवले नाही. खनिज तेलावर चालणाऱ्या नौकांनी त्यांना नामशेष होण्याच्या काठावर नेले. कत्तल थांबली ती आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकारीवरच्या बंदीचा ठराव मंजूर केला आणि १९८५-८६ पासून तो अमलात आला, तेव्हा. त्याआधी नियम होते, कोटे होते. पण सोव्हिएत ताफ्यांनी सुमारे १ लाख ८० हजार देवमासे कागदावर न दाखवताच मारले, हे १९९० च्या दशकात उघड झाले. बाजाराने देवमाशांना सोडले नाही. माणसांनी ठराव करून, भांडून, पाळत ठेवून सोडवले.

८/२४
दुसरा आवडता दाखला पाषाणयुगाचा. सौदी अरेबियाचे माजी तेलमंत्री अहमद झकी यमानी (कार्यकाळ १९६२ ते १९८६) यांच्या नावावर एक उक्ती सांगितली जाते : दगड संपले म्हणून काही पाषाणयुग संपले नाही, तसेच तेल संपण्याआधीच तेलयुग संपेल. टाळ्या घेणारे वाक्य आहे. पण दगडांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. आज जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू, खडी आणि रेती उपसली जाते. पाषाणयुगातल्या माणसाने एवढा दगड स्वप्नातही पाहिला नसेल. युगाचे नाव बदलले. पदार्थाचा वापर वाढतच गेला.

९/२४
तिसरा दाखला कोळशाचा, आणि तो तेलाच्या अगदी जवळचा. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने ब्रिटनच्या कोळशावर ग्रंथ लिहिला. त्याचे एक निरीक्षण आजही बोचते : इंजिने काटकसरी झाली की कोळसा कमी लागेल, असे लोकांना वाटते, प्रत्यक्षात काटकसरीमुळे इंजिन स्वस्त पडते, ते अधिक ठिकाणी बसते आणि एकूण कोळसा जास्तच जळतो. जेम्स वॉटच्या इंजिनाची गोष्ट याहून वेगळी नव्हती.

१०/२४
ब्रिटनच्या कोळसा उत्पादनाचे शिखर १९१३ मध्ये आले : सुमारे २८.७ कोटी टन. त्याच सुमारास विन्स्टन चर्चिलच्या नौदल खात्याने नव्या युद्धनौका तेलावर चालवण्याचे ठरवले आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीत बहुमताचा हिस्सा विकत घेतला. पाठ्यपुस्तकात येथे ‘कोळशाचे युग संपले, तेलाचे सुरू झाले’ अशी रेघ मारली जाते. ती रेघ ब्रिटनच्या नकाशावर काहीशी शोभते. जगाच्या नकाशावर ती कुठेच नाही.

११/२४
कारण १९६० च्या दशकाच्या मध्यास तेलाने कोळशाला मागे टाकून जगातील पहिल्या क्रमांकाचे इंधन होण्याचा मान मिळवला, तेव्हापासून आजवर जगाचा कोळशाचा वापर अडीच पटींहून अधिक वाढला आहे. २०२४ मध्ये तो पावणेनऊ अब्ज टनांच्या घरात होता. हा तोवरचा उच्चांक. ‘पराभूत’ झालेल्या इंधनाची ही अवस्था. कोळशाने गादी सोडली, पण तो वाड्यातच राहिला आणि त्याचा आहार वाढत गेला.

१२/२४
येथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा : वाटा वेगळा, मात्रा वेगळी. जगाच्या एकूण ऊर्जेत तेलाचा वाटा १९७० च्या दशकात ४६ टक्क्यांपर्यंत गेला होता. २०२४ मध्ये तो प्रथमच ३० टक्क्यांखाली आला. हा आकडा ‘तेलाची सद्दी संपली’ म्हणून नाचवला जातो. पण त्याच पन्नास वर्षांत तेलाची रोजची मागणी सुमारे साडेपाच कोटी पिंपांवरून दहा कोटींच्या पुढे गेली. (एक पिंप म्हणजे साधारण १५९ लिटर.) वाटा घटला, मात्रा जवळपास दुप्पट झाली. वातावरणाला वाटा कळत नाही. त्याच्यावर परिणाम होतो तो मात्रेचा.

१३/२४
शिखराच्या घोषणांचाही एक इतिहास आहे. पूर्वी त्या पुरवठ्याच्या असत. शेल कंपनीत काम करणाऱ्या मेरियन किंग हबर्ट या भूवैज्ञानिकाने १९५६ मध्ये सांगितले की अमेरिकेचे तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल. १९७० मध्ये ते गाठले गेले आणि हबर्ट द्रष्टा ठरला. पुढे खडकात भेगा पाडून तेल काढण्याचे तंत्र आले आणि २०१८ मध्ये अमेरिकेने तो जुना उच्चांक ओलांडला. शिखर म्हणून ज्याची पूजा झाली, तो पायथ्याजवळचा टेकाड निघाला.

१४/२४
मागणीचे ‘शिखर’ही एकदा येऊन गेले आहे, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. १९७९ नंतर, इराणमधील क्रांती आणि भडकलेले दर यांच्या पाठोपाठ, जगाची तेलाची मागणी सलग चार वर्षे घसरली. १९८३ पर्यंत ती सुमारे एक दशांशाने खाली आली. तेव्हाही शहाण्यासुरत्या माणसांना वाटले की मानवजातीने तेलाला रामराम ठोकला.

१५/२४
ही घसरण आकाशातून पडली नव्हती. फ्रान्सने १९७४ मध्ये अणुवीज प्रकल्पांचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. अमेरिकेने १९७५ च्या कायद्याने मोटारींना एका गॅलनमागे किमान किती मैल धावले पाहिजे, याचे बंधन घातले. अनेक देशांनी तेलावरची वीजकेंद्रे बंद करून कोळसा व अणुऊर्जेचा रस्ता धरला. २० जून १९७९ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छतावरील सौर पाणीतापकांचे लोकार्पण केले. चढे दर होतेच. त्यांच्या जोडीला धोरण होते.

१६/२४
मग ओहोटी का थांबली? सौदी अरेबियाने १९८५ च्या अखेरीस उत्पादनाचा नळ सोडला. १९८६ मध्ये दर कोसळले. तेल स्वस्त होताच निश्चय ढिला पडला. त्याच वर्षी अमेरिकेने मोटारींचे मैलांचे बंधन सैल केले आणि व्हाइट हाउसच्या छतावरून ती सौर उपकरणे उतरवली गेली. दशक संपेपर्यंत जगाची मागणी जुन्या पातळीवर परतली आणि पुढे निघूनही गेली. ‘शिखर’ मोडले ते तेलाच्या गुणांमुळे नव्हे. धोरणकर्त्यांनी हात काढून घेतल्यामुळे.

१७/२४
अगदी कालची गोष्ट. २० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, अमेरिकी तेलाच्या मे महिन्याच्या सौद्याचा दर उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. (योगायोग असा की देवमाशांच्या त्या नाचाचीही तारीख हीच.) त्या सप्टेंबरात बीपी या कंपनीच्या अहवालातील तीनपैकी दोन भविष्यचित्रांनी सुचवले की मागणी २०१९ ची पातळी कदाचित पुन्हा कधीच गाठणार नाही. २०२३ मध्ये मागणीने ती पातळी ओलांडली.

१८/२४
त्याच कंपनीने २०२० मध्ये जाहीर केले होते की २०३० पर्यंत आपले तेल व वायूचे उत्पादन ४० टक्क्यांनी घटवू. २०२३ मध्ये त्याचे २५ टक्के झाले. २०२५ मध्ये घट बाजूलाच राहिली आणि उत्पादन वाढवण्याची योजना आली. शिखराची द्वाही फिरवणाऱ्याचाच त्या द्वाहीवर किती भरवसा होता, याचे हे मोजमाप.

१९/२४
आजचा वाद दोन गढ्यांमधला आहे. एकीकडे तेल निर्यातदारांची ओपेक, स्थापना बगदाद, १९६०. तिच्या मते २०५० मध्येही मागणी वाढतच असेल, रोज १२ कोटी पिंपांच्या वर. दुसरीकडे तेल आयातदारांनी १९७४ मध्ये उभारलेली पॅरिसची आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था. गेली काही वर्षे ती या दशकाअखेरचे शिखर सांगत आली. ज्याचे दुकान तेलाचे, त्याला मागणी अमर वाटते. ज्याला तेल विकत घ्यावे लागते, त्याला ती मरणपंथाला लागलेली दिसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधन वाचण्याआधी साधनकार ओळखावा, हा नियम येथेही लागू आहे.

२०/२४
पॅरिसच्या संस्थेचा नोव्हेंबर २०२५ चा अहवाल म्हणूनच मोलाचा आहे. त्यात दोन चित्रे शेजारी शेजारी आहेत. जाहीर झालेली धोरणे पुढे नेली तर तेलाचे शिखर २०३० च्या आसपास. आज प्रत्यक्ष अमलात असलेलीच धोरणे तेवढी राहिली तर २०५० मध्ये मागणी रोज सुमारे ११.३ कोटी पिंपे, आणि शिखराचा पत्ता नाही. माणसे तीच, भूगर्भ तोच, विजेची मोटारही तीच. फरक आहे तो सरकारे काय करतात याचा. ‘शिखर आले का?’ या प्रश्नाचे उत्तर भविष्यवेत्त्याकडे नाही, ते याच फरकात आहे.

२१/२४
येथे आक्षेप येईल : विजेच्या मोटारी डोळ्यांना दिसत नाहीत का? दिसतात. २०२४ मध्ये जगात १.७ कोटींहून अधिक विकल्या गेल्या. विकलेल्या दर पाच मोटारींत एकाहून अधिक. नॉर्वेत त्या वर्षी दहातल्या जवळपास नऊ नव्या मोटारी विजेच्या होत्या. चीनमध्ये पेट्रोल-डिझेलची मागणी थबकली आहे. हे सारे खरे आहे आणि अभूतपूर्वही आहे. पण नॉर्वेने १९९० च्या दशकापासून या मोटारींना करमाफी आणि पथकरमाफी दिली, पेट्रोलच्या मोटारींवर जबर कर लावला. चीनने वर्षानुवर्षे सरकारी तिजोरी ओतली. ब्रिटनने कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले, तेही कार्बनवर किंमत लावून आणि बंदीची मुदत ठरवून. यांतले एकही ‘आपोआप’ नाही. आणि नॉर्वे स्वतःचे तेल आजही जगाला विकतो, हेही विसरू नये.

२२/२४
शिखर कसे येते आणि कसे फसवते, हे पाहायला परदेशी जायला नको. भारतात रॉकेलचे शिखर खरोखर आले. शिधापत्रिका आणि डबा घेऊन रांगेत उभी राहिलेली पिढी अजून घराघरांत आहे. शतकाच्या आरंभी देशात वर्षाला एक कोटी टनांहून अधिक रॉकेल खपत होते. आज ते पाच लाख टनांच्या आसपास आहे. हे घडले वीजजोडण्यांमुळे, अनुदान आवरल्यामुळे आणि उज्ज्वलासारख्या गॅस योजनांमुळे. पण रॉकेलची जागा घेणारा सिलिंडरही बव्हंशी खनिज तेलाच्याच घराण्यातला. त्याचा खप सुमारे ७० लाख टनांवरून जवळपास ३ कोटी टनांवर गेला. पेट्रोलियम पदार्थांचा एकूण खप सुमारे १० कोटींवरून २३ कोटी टनांच्या वर. चुलीच्या धुरातून कोट्यवधी बायकांची सुटका झाली, ही मोठीच गोष्ट. तरीही कंदील विझला म्हणून तेल संपले, असे म्हणणारा माणूस स्वयंपाकघरात डोकावलेलाच नाही.

२३/२४
एवढा खटाटोप कशासाठी? कारण ‘शिखर आले’ ही बातमी गुंगीचे औषध आहे. शिखर म्हणजे अंत नव्हे. मागणी आजच थांबली आणि पुढची वीस वर्षे सपाट राहिली, तरी रोज दहा कोटी पिंपे जळतच राहतील आणि तेलातून दरवर्षी सुमारे १२ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात साचत जाईल. तापमान ठरते ते या साचलेल्या ढिगावरून. वाढीचा वेग मंदावल्याच्या वार्तेवरून नव्हे. आणि जो देश आपले ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, त्याने ‘उतार तर लागलाच आहे’ म्हणून हातावर हात ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या नळाखाली आपली घागर कायमची ठेवणे.

२४/२४
तेलाच्या मागणीचे शिखर येऊ शकते. १९७९ मध्ये ते हाताशी आले होते आणि निसटले. ते येईल तेव्हा कर, कायदे, रेल्वे, वीज आणि त्यासाठी झालेली भांडणे यांच्या बळावर येईल. आणि टिकेल तेही तेवढ्याच बळावर. म्हणून यापुढे कोणी नाचणाऱ्या देवमाशांचे ते चित्र पाठवले, तर त्याला दोन साले लिहून पाठवावीत : १८६१ आणि १९८२. पहिल्या साली सुटकेची मेजवानी झाली. दुसऱ्या साली सुटकेचा ठराव झाला. मधल्या १२१ वर्षांत त्या मेजवानीच्या भरवशावर लाखो देवमासे मेले.

(धागा समाप्त)